आईच्या वाट्याची मूठ

ओल्या कुंकवाचा वास आला की आमचं लग्न आठवतं. दोन्ही घरांनी पाठ फिरवल्यावर नांदेडातला एक छोटा हॉल आम्हीच सजवला. त्यानं झेंडूच्या माळा ओवल्या, मी अक्षतांसाठी ज्वारी कुंकवात रंगवली. आईला फोन केला, तर ती एवढंच म्हणाली, "लई पानी घालू नको, ज्वारी चिकटती." मी तो होकारच समजले आणि पहिल्या रांगेतली खुर्ची तिच्यासाठी अडवून ठेवली. मंगलाष्टकं संपेपर्यंत दाराकडं बघत राहिले. अक्षता टाकल्या त्या आचाऱ्यानं, फोटोग्राफरनं आणि नवऱ्याच्या चार मित्रांनी. आईच्या वाट्याची मूठ मी कागदात बांधून घरी आणली. परवा ती पुडी उघडली. आईला जाऊन चार वर्षं झाली; ज्वारीचा एक दाणाही चिकटलेला नाही.