पर्वताकाकूंच्या सोळा भाज्या

आर्णीत आमच्या शेजारी राहणाऱ्या पर्वताकाकू भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की दुसऱ्या दिवशी सकाळीच मला भिंतीवरून हाक मारत. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. त्या चिरायच्या आधी ओसरीवर ओळीने मांडलेल्या असत आणि मी हात न लावता, अंगणातून बोटाने त्या मोजायच्या. मी जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर कामाला होतो, म्हणून हा मान माझा. "बाया मोजता मोजता बोलतात अन् दोडकं दोनदा धरतात," असे त्यांचे म्हणणे. स्वतः त्या मोजणी चालू असताना एकसारख्या बोलत, ही गोष्ट वेगळी.

नियमाला काकू फार कडक. एका वर्षी भाज्या पंधराच भरल्या. परसात कोहळ्याचा वेल पसरला होता. मी सुचवले, "काकू, कोहळं एक आणि त्याचा पाला दुसरी भाजी धरा."

"वेल एक, तं भाजी एक," काकू म्हणाल्या. "महालक्ष्म्या तुह्या साहेबासारख्या नाहीत बाप्पा, बरोबर मोजतात."

मग त्यांनी मुलाला, नारायणला, चिखलातून दोन कोस दूरच्या मावशीकडे पिटाळले. तो दुपारी दोन ढेमसे घेऊन आला. तोवर त्यांच्या पंगतीला बसणारे आम्ही एकवीस जण उपाशी. भुकेने माझी आतडी गोळा झाली होती, पण हिशेब बरोबर होता, म्हणून मी तक्रार केली नाही.

पुढच्या वैशाखात नारायणचे लग्न झाले. सून कुसुम, कळंबकडची, अबोल. तिच्या पहिल्याच महालक्ष्म्यांना काकू तापाने आडव्या झाल्या. साड्या नेसवणे, आंबील, पुरण, सगळे त्या मुलीवर पडले. सकाळी मी नेहमीप्रमाणे अंगणात उभा राहिलो आणि मोजले. पुन्हा मोजले. मग स्वच्छ आवाजात सांगितले, "पंधरा."

ओसरीवर सिंधू होती, काकूंची माहेरपणाला आलेली लेक. ती म्हणाली, "व माय! पहिल्याच वर्षी खोट? आता वर्षभरात घरात काही कमीजास्त झालं तं?"

कुसुमच्या हातातली विळी तशीच राहिली. त्या घरात पुढे गाय आटली असती तरी खापर तिच्या पंधरा भाज्यांवर फुटले असते, हे तिलाही कळले आणि, जरा उशिराने, मलाही.

आतून खाटेवरून आवाज आला, "बापू, कोहळ्याचा पाला धरला का?"

"काकू, वेल एक, तर भाजी एक."

"कोन म्हने असं?"

"तुम्हीच. गेल्या वर्षी."

"म्हटलं असन. तवा मले ताप नव्हता." जरा खोकून पुढे म्हणाल्या, "तू अन् तुहा बाप एकाच वेलाचे ना? मंग पंगतीत दोघाले मिळून एकच पान मांडू का?"

माझे वडील भिंतीपलीकडे दात घासत होते. ते तिथूनच ओरडले, "नको वो वहिनी, पान वेगळंच मांडा!" सिंधूसुद्धा हसली. कुसुम परसात जाऊन कोवळा पाला खुडून आली. सोळा झाल्या. त्या दिवशी पंगत वेळेवर बसली.

ताप उतरल्यावर काकूंनी मला बोलावले. वाटले, शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, "मोजनं तुह्यं बराबर होतं बापू. पन एवढ्या मोठ्यानं कायले मोजलं?"



काकूंना जाऊन आता चार वर्षे झाली. महालक्ष्म्या कुसुम मांडते, आणि भिंतीवरून हाकही तीच मारते. यंदा बाजारात भाजी भरपूर होती. ओसरीवर सोळा भाज्या नीट मांडलेल्या होत्या, आणि शेवटी, कोहळ्याशेजारी, गरज नसताना त्याचा पाला, तिच्या पहिल्या वर्षीसारखाच. मी मनात मोजले. सतरा. पुन्हा मोजले, सतराच.

कापसाच्या काट्यावर मी आजवर जाणूनबुजून एकही चुकीचा आकडा सांगितलेला नाही. कुसुम माझ्याकडे बघत होती.

"सोळा," मी मोठ्याने म्हणालो.