टगच्या मागचा माणूस

आमचे हे नौदलाच्या टगवर होते. टग म्हणजे ओढणारी बोट. समुद्रात बंद पडलेली जहाजं दोर लावून बंदरात आणायची, म्हातारी झालेली भंगारात पोचवायची. शेवटी त्या टगलाच दुसऱ्या टगने ओढत भंगारात नेलं आणि हे पेन्शन घेऊन उज्जैनला, माधव नगरात आले. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. समुद्र आता काही दिसायचा नाही.

कसलं सुटलो! टगवर यांचं काम म्हणजे मागच्या टोकाला उभं राहून ओढलेल्या जहाजावर नजर ठेवायची. ती खोड हाडात मुरलेली. रस्त्याने जरा चाललो की मान वळवून मागे. फ्रीगंजच्या बाजारात मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. टेंपोवाले चिडवायचे, बाबूजी, कोई छूट गया क्या? मी हसण्यावारी न्यायची.

एकदा चिडून विचारलंच, तेव्हा बोलले. एक रिकामं जहाज भंगारात नेत होते. वादळ लागलं, टगच बुडायची वेळ आली, तेव्हा दोर सोडायचा हुकूम झाला. यांनीच तो सोडला. सोडल्यावर मागच्या जहाजावर कुणीतरी उभं दिसलं, हात वर केलेलं. निघण्याआधी तर जहाज तपासून कुलपं लावली होती. मग तो माणूस होता की भास, हेच यांना छळत होतं. लांबून पावसात नुसती सावली दिसली, म्हणायचे. मीही म्हणायची, सावलीच असणार. मला तसंच हवं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात टावर चौकात रंगीत टीव्हीचं नवं दुकान उघडलं, ते बघायला निघालो होतो. भर दुपार, लूच्या गरम झळा चाललेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हे मध्येच थांबले, मागे बघितलं आणि हळूच म्हणाले, "जवळ आलाय."

अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगते, रागही आला. ही तिसऱ्याची सोबत किती वर्षं सहन करायची? मी वळले आणि त्या रिकाम्या रस्त्याला खडसावलं, "भैया, बहुत हो गया. अब घर जाओ."

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला हिंदी येत नाही. मराठीत सांग."

मी मराठीत सांगितलं. सावलीची भाषा यांना कशी ठाऊक, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर यांनी नावही सांगितलं असतं.