शनिवारची गोळी

श्यामसुंदर गोगटे स्वारगेटच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. एका फलाटावर एका वेळी दोन गाड्या लावायच्या नाहीत, हा त्यांचा धर्म. बायको गेल्यावर त्यांचं कशातच मन लागेना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी चालू केली आणि बजावलं, "यावर दारू घ्यायची नाही."

शनिवारी संध्याकाळी कोथरूडला दिगंबर कंडक्टरच्या गच्चीवर दोन पेग, हा मात्र जुना रिवाज. गोगट्यांनी वेळापत्रक बसवलं: सहा दिवस गोळी, शनिवारी गोळी रद्द.

तीन महिन्यांनी बाईंनी विचारलं, "कुठला दिवस जड जातो?"

"रविवार. डोकं गरगरतं, आंघोळसुद्धा नकोशी होते." मग त्यांनी वेळापत्रकही सांगून टाकलं, जरा ऐटीतच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, एक दिवस चुकवली म्हणून ही गोळी अंगातून जात नाही. तिचा मुक्काम असतो. चुकवल्याचा त्रास होतो तो वेगळाच."

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे गोगट्यांना कुणी समजावायला नको होतं. ती रात्रभर फलाट अडवून उभी असते.

पुढच्या शनिवारी ते गच्चीवर गेले, शेंगदाण्यांची बशी पुढ्यात ओढली आणि आपला ग्लास पालथा ठेवला. गोळीचं त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिगंबर बाटली धरून थांबला. "का हो साहेब?"

"मनाच्या आजाराची गोळी चालू आहे माझी," गोगटे म्हणाले. "फलाट रिकामा नाही."