उलट आमंत्रणाची आशा न धरता

जालन्याहून रात्री निघालेली गाडी सकाळी सिकंदराबादला पोचली, तेव्हा दाजी डब्यासमोरच उभे होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मालनताईचे यजमान. रेल्वेच्या नोकरीपायी तरुणपणी इथे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत आता ‘हौ’ (होय) आणि ‘नक्को’ इतके मुरलेत, की जालन्याला आले तरी सुटत नाहीत.

“नक्को, ती बॅग मला द्या,” म्हणत त्यांनी बॅग घेतली. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात घट्ट, गोडसर चहा पुढ्यात आल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

“घरी जायच्या आधी सांगून ठेवतो. वातावरण जरा गरम आहे. तुमच्या ताईनं कृपाच्या लग्नाच्या जेवणाला वसाहतीतल्या लोकांना बोलवायचं ठरवलंय.”

कृपा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्याच लग्नासाठी मी आलो होतो. वसाहत म्हणजे शहराच्या कडेची कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांची वस्ती. रोग गेलेला, पण कुणाची बोटं गेलेली, कुणाचे पाय. ताई परिचारिका होती. निवृत्तीनंतरही ती दर आठवड्याला तिथे जाऊन जखमा धुते, पट्ट्या बांधते. हे मला माहीत होतं. लग्नाला बोलावण्याचं मात्र नवीन होतं.

“आणि व्याही?”

“तोच तर प्रश्न आहे,” दाजी म्हणाले.

त्या संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेत कृपानं पवित्र शास्त्र माझ्या हातात दिलं. “मामा, तुम्ही वाचा. मला मराठी वाचायला फार वेळ लागतो.” ताईनं खूण घातलेला उतारा लूकच्या शुभवर्तमानातला होता. मेजवानी देशील तेव्हा मित्रांना, भावांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव, त्यांच्याकडे परत द्यायला काही नाही म्हणून तू धन्य होशील, असं प्रभू सांगतो. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यावरून कुणाच्या तरी लग्नाचा बेत ठरतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

वाचन संपलं. कृपा म्हणाली, “आई, वचन मलाही मान्य आहे. पण लग्न माझं आहे. तू मला विचारलंस?”

ताई लेकीकडे वळली. मग म्हणाली, “नाही विचारलं. देवाचं ऐकायच्या नादात तुझं ऐकायचं राहिलं. आता विचारते. तू नको म्हणालीस तर नाही करणार.”

“उद्या सांगते,” कृपा म्हणाली. दुसऱ्या दिवशी नारायणगुड्याला कपडे आणायला गेलो. दुकानातून बाहेर पडता पडता कृपानं आईचा दंड धरला. “बोलाव त्यांना. पण त्यांची पंगत वेगळी नको. सगळ्यांत मिसळून बसवायचं. नाहीतर नकोच.”

रस्त्यावरच्या त्या गर्दीत ताईनं लेकीच्या कपाळाचा मुका घेतला.

व्याही दुपारी घरी आले. तेलुगू ख्रिस्ती, त्यांच्या चर्चच्या मंडळीत वडीलधारे म्हणून मान असलेले गृहस्थ. मुलगा प्रवीण बरोबर होता. सगळं ऐकून ते हिंदी-तेलुगूच्या मिश्रणात म्हणाले, “चेल्लेम्मा (बहिणी), उपदेश चर्चमध्ये ठीक. लग्नात माझे साहेब येणार, सोयरे येणार. ते उठून गेले तर माझं नाक राहील?”

“नाना,” प्रवीण म्हणाला. ‘नाना’ म्हणजे तेलुगूत वडील. “मी त्यांच्याजवळ बसेन.”

व्याह्यांनी मुलाकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि निरोप न घेता उठले. लग्न मोडतंय की काय, या धास्तीनं दाजींना संध्याकाळपर्यंत अन्न गेलं नाही. प्रवीणनं संध्याकाळी फोन करून सांगितलं, नाना येतील.

मग आम्ही आमंत्रण द्यायला वसाहतीत गेलो. चुन्यानं रंगवलेली बुटकी घरं, दारात तुळशी, एका भिंतीवर क्रूस, शेजारच्या भिंतीवर हिरवा चाँद. सायम्मा नावाची म्हातारी तिथली जणू पाटलीण. मूळची देगलूरकडची, त्यामुळे मराठी येणारी. दोन्ही हातांची बोटं झडलेली, पण कुंकू रेखीव. ताईनं अक्षता पुढे केल्या. सायम्मानं त्या घेतल्या नाहीत.

“आमी आलो की लोक उठून जातेत, अम्मा. पोरीच्या जेवणात इघ्न कशाला? डबे धाडा. हितं बसून खाऊ, हितूनच आशीर्वाद देऊ.”

“डबे धाडले तर ते दान झालं,” ताई म्हणाली. “मला पाहुणे पाहिजेत.”

सायम्मा हसली. “पाहुणे? तुमी इतकी वर्सं येता, पट्ट्या बांधता. आमच्या घरात कधी जेवलात का?”

ताईचा चेहरा पडला. खरोखरच ती कधी जेवली नव्हती. कुणी आग्रह केला नव्हता, तिनंही मागितलं नव्हतं.

“आज जेवते,” ती म्हणाली आणि चपला काढून आत जाऊन बसली. मागोमाग मीही बसलो. सायम्मानं दोन मनगटांच्या मध्ये धरून जोन्नरोट्टे (ज्वारीची भाकरी) ताटात वाढली, वर गोंगूराची (अंबाडीची) आंबट भाजी. पहिला घास घेताना माझा हात क्षणभर अडखळला, हे लपवत नाही. सायम्मानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून मला आणखी भाजी वाढली. भाजी इतकी चविष्ट होती, की दुसऱ्यांदा मीच मागून घेतली.

हात धुतल्यावर तिनं पदर पुढे केला. “आता घाला अक्षता. पर पाहुण्याला न्यावं तसं न्यायला या. आमी आपलं आपण येणार नाही.”

लग्न चर्चमध्ये झालं, जेवण जवळच्या फंक्शन हॉलमध्ये. वसाहतीतली माणसं आणायला मी आणि दाजी बस घेऊन गेलो. सगळे नटून तयार होते. एका आजोबांनी कुबडीला झेंडूचा हार गुंडाळला होता. परतताना चालकानं वळण चुकवलं आणि बस भलत्याच हॉलसमोर उभी केली. तिथल्या सनईवाल्यांनी आम्हाला वऱ्हाडी समजून वाजवायला सुरुवात केली. सायम्मा खो खो हसत म्हणाली, “हितं बी आमंत्रण हाय का?”

आमच्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा मात्र बोलणी थांबली. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. काही माणसं खरंच उठून गेली, न जेवता. कृपा लग्नाच्या पोशाखातच मंचावरून उतरली, सायम्माचा हात धरून तिला आपल्या टेबलावर घेऊन गेली. प्रवीण कुबडीवाल्या आजोबांशेजारी बसला. मग मंडळीतली एक बाई, मग कृपाच्या मैत्रिणी, असे लोक हळूहळू बसत गेले.

व्याही दाराशी उभे होते. मला वाटलं, आता हेही जाणार. त्यांनी कोट काढला, खुर्चीवर ठेवला, वाढप्याच्या हातातलं बगारा बैंगनचं (मसालेदार वांग्यांचं) भांडं घेतलं आणि वाढायला लागले. बसले नाहीत. कदाचित त्यांना बसणं जमलं नसेल. पण एकेका ताटाशी वाकून वाढत गेले.

सायम्मानं विचारलं, “व्याही, तुमी जेवलात?”

व्याह्यांनी नकारार्थी मान हलवली आणि तिच्या ताटात आणखी एक वांगं घातलं.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर तेलंगणाचे काळे खडक मागे जात होते, आणि माझ्या मनात आभारांशिवाय काही उरलं नव्हतं. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे दात आवळून करायचं काम, असं मी आजवर समजत आलो. ताईच्या घरी ते तसं दिसलं नाही. तिथे लेकीपुढे चूक कबूल करणं होतं, चपला काढून कुणाच्या तरी घरात जेवणं होतं, आणि कोट काढून वाढणारा एक ताठ माणूस होता. ज्यांच्याकडे परत द्यायला काही नाही असं आम्ही धरून चाललो होतो, त्यांनी आम्हाला आधीच जेवू घातलं होतं.

जालन्याला गुडघेदुखीमुळे घरीच राहिलेल्या पत्नीनं दार उघडताच विचारलं, “कोण कोण आलं होतं लग्नाला?”

मी सांगायला लागलो. सायम्मा, कुबडीवाले नरसय्या, मस्तानबी, पेंटम्मा, दोन्ही डोळ्यांनी न दिसणारे यादगिरी. नातेवाइकांची नावं नंतर आठवली.