पंपात उरलेलं औषध

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

पिंगळीत आमच्या अंगणात लिंबोणीचं झाड आहे. त्यावरच्या आळ्या मी रोज बघत होते. बारीक असताना त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून त्यांना कुणी खात नाही. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून तांबडी शिंगं काढतात! यांचीच पुढं काळी-पिवळी फुलपाखरं होतात.

आज दुपारी शाळेतून आले, तर सगळ्या आळ्या झाडाखाली मरून पडलेल्या.

माझे धाकटे दीर सोयाबीन फवारून आले होते. पंप पायरीवर ठेवून चहा पीत बसलेले. मला म्हणाले, "वहिनी, लिंबोणीला लय आळ्या झाल्त्या. पंपात औषध उरलं होतं, वाया कशाला घालायचं? मारून टाकलं."

"भाऊजी, ती फुलपाखरं होती!"

ते हसले. "आळ्या होत्या वहिनी. फुलपाखराला मी कशाला मारू? आन् आता दिसतात तरी कुठं? आपल्या लहानपणी वावरात लय असायची."

बारावी सायन्स झालाय हा माणूस!

हे लिहितेय तोवर एक फुलपाखरू त्याच झाडावर अंडी घालायला आलंय. दोनदा पदरानं हाकललं, तरी परत येतंय. त्याला लिंबोणीचंच पान लागतं, आणि पानावरचं औषध अजून वाळलेलं नाही.

खरं सांगा, तुमच्या घरी पंपात उरलेलं औषध कुठं मारतात?