तांब्याभर उदक

आज सकाळी नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि डिचोलीच्या शाळेतला तो वर्ग आठवला. नदीचं पाणी घरात शिरलेली माणसं तिथे बसली होती. आमच्या मदत समितीने मला पाण्याच्या पिंपाशी उभं केलं होतं. कोकणी की मराठी, या भांडणाने तेव्हा गोव्यात घराघरांत आग लावली होती.

कमरेपर्यंत भिजलेल्या एका म्हातारीने तांब्या पुढे केला. "बाय, मातशें उदक दी गो."

मी ओतणार, तेवढ्यात समितीच्या अण्णांनी माझा हात धरला. "आजी, आधी पाणी म्हण. ही मराठीवाल्यांची मदत आहे."

तिने तांब्या तसाच पुढे धरला. मग कोरड्या घशाने म्हणाली, "पाणी."

मी तांब्या भरला. अण्णा तांदळाचं पोतं उचलायला गेले, ते धापा टाकतच खाली बसले आणि पलीकडे पेज वाढणाऱ्या बायकोवर ओरडले, "अगो, मातशें उदक हाड!"

म्हातारीने आपला भरलेला तांब्या त्यांच्यापुढे धरला. "घे पुता, पी."

तिच्या मोठ्या मनाने तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आता आठवतं ते एवढंच, की तो मेला अण्णा तिचा तांब्या घटाघटा प्यायला.