तिनं न लिहिलेलं नाव

जवळ या बघू, असं दारातून काय डोकावता? पोलिसातली बाई म्हटली की तुम्हाला दंडुक्याच्याच गोष्टी हव्या असतात. वाईट खोड आहे ही. आज दुसरंच सांगते. नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरले, ही एक मात्र मनातून जात नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी सांगलीत फौजदार होते. माधवनगरकडच्या एका सहकारी संस्थेची निवडणूक तोंडावर आलेली. तिथला एक म्हातारा सभासद ठाण्यात येऊन म्हणाला, "बाईसाहेब, यादीतल्या ह्या पत्त्यावर माझ्या शेळ्या बांधलेल्या असत्यात. त्या मत देणार व्हय?"

चौकशी केली. नव्या सभासदांचे गठ्ठाभर अर्ज, पण खरा माणूस एकही नाही. छपाई निघाली एका नवरा-बायकोच्या कॉम्प्युटर सेंटरमधली. पंचनामा करून मशीन जप्त केलं.

नवरा म्हणाला, "मला त्यातलं काय कळत नाही, तिला विचारा." बायको कवठे महांकाळकडची, नुकतं लग्न झालेली. जबाबात तिचं एकच पालुपद, "सगळं मीच केलं."

"केलंस ना? मग करून दाखव," मी म्हटलं.

तिनं घरची स्वतःची फ्लॉपी घातली. काळा पडदा, हुकूम टाइप करायचा. दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासायला खोटी माणसं, म्हणजे नुसती नावं आणि पत्ते, लागतात, ती बनवायचा प्रोग्राम तिनं लिहिला होता. कुठल्या हुकमानं काय बनतं ते विसरायला होई, म्हणून शोधायची सोयही केलेली. 'गाव' टाइप केलं की गावं बनवणारा हुकूम आणि त्याच्या साठ्यातली सगळी गावं समोर. समजावताना पोरीचा चेहरा असा फुलला, की आरोपी आहे हे क्षणभर मीही विसरले.

"पुरुषांची नावं काढ."

नावं सरकली. त्यात आमच्याकडं गल्लोगल्ली सापडणारं एक नाव नव्हतं. अर्जांत तर ते पानोपानी होतं.

"हे कसं गं राहिलं?"

तिनं मान खाली घातली. "आमच्या ह्यांचं नाव हाय ते, बाई. मी कसं लिवणार?"

खोलीतले पंच हसले. मला हसू आलं नाही. सेंटरमधल्या जप्त मशीनवरची त्याच प्रोग्रामची प्रत उघडायला लावली. त्यात सगळ्यात शेवटी ते नाव होतं. म्हणजे अर्ज ह्या प्रतीतून निघाले, आणि नाव घालणारा हात दुसरा.

नवऱ्याला आत बोलावलं. पडदा बघितला आणि तो खालीच बसला. "साऱ्या जगाची नावं घातली हिनं, माझंच नव्हतं. म्हणून घातलं."

तिला सोडलं, त्याला अटक केली. बाहेर पडताना ती माझ्याकडं वळली. "मी नाव घेतलं न्हाई, बाई. तरी तुमी माझ्याकडनंच वदवलं."

सासरनं दार लावलं. माहेरी गेली आणि कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही, असं कानावर आलं. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. खरं शोधायचं आम्हाला शिकवतात; त्या खऱ्यापायी कुणाचं घर मोडलं तर तिनं जायचं कुठं, हे कुठल्याच कायद्यात सापडलं नाही मला.

पोरी, हे कुणाकडून तुझ्यापर्यंत पोचलं तर तू ओळखशील. मी आता साताऱ्यात एकटीच असते. राग घेऊन आलीस तरी चालेल, पण लवकर ये गं.